डाव्या पंखाखालचा अंगठा

नोकरीत मी केलेले घरफोड्यांचे पंचनामे आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेले आहेत. कुठला तुटलेला कोयंडा कुठल्या घराचा, हे मला सांगता येणार नाही. बजाजनगरातल्या एका बाईंचं प्लास्टिकचं विमान मात्र जसंच्या तसं समोर उभं राहतं. त्या गुन्ह्याच्या तपासाचं प्रशस्तिपत्रक दुसऱ्याच्या भिंतीवर लागलं, म्हणूनही असेल. पण तेवढंच कारण नाही.

बाई कामगारांची खाणावळ चालवत. नवरा कंपनीत होता, तो आधीच गेलेला. एकुलता मुलगाही कंपनीत लागला आणि वाळूजच्या रस्त्यावर दुचाकीच्या अपघातात गेला. त्यानंतर बाई एकट्याच राहत. भाचीच्या लग्नाला सिल्लोडला गेल्या आणि परत आल्या तेव्हा कुलूप कोयंड्यासकट खाली पडलेलं होतं.

त्या दिवशी मी ठाण्यात नुकताच येऊन बसलो होतो. ठाणे अंमलदार फिर्याद लिहून घेत होता.

"मावशी, सोन्याचं वजन सांगा आधी."

"सोन्याचं लिहा नायतर नका लिहू. विमान लिहा."

"अहो, खेळणं हाय ते."

"खेळणं तुमच्या घरी! माझ्या लेकानं केलंय ते."

फिर्यादीत गेलेल्या प्रत्येक वस्तूपुढं किंमत लिहावी लागते. अंमलदारानं विचारलं, काय लावू? बाई म्हणाल्या, लावू नका. तो म्हणाला, किंमत नसेल तर मालात धरता येत नाही. शेवटी त्यानं स्वतःच्या मनानं किरकोळ आकडा टाकला, तशा बाई उठून उभ्या राहिल्या. "एवढ्यात तुमच्या सायबाची टोपी तरी येती का?" त्या म्हणाल्या. सगळं ठाणं हसलं. मला मात्र हसू आलं नाही. मी त्यांना माझ्या टेबलाशी बोलावलं आणि पुरवणी जबाब स्वतः लिहून घेतला.

प्रवासी विमानाचा तो मोठा नमुना होता. मुलानं सुटे भाग आणून जोडलेला. पांढरं अंग, शेपटीवर आणि पंखांच्या पोटाला लाल रंग. चोरानं तो काचेच्या पेटीसकट उचलून नेला होता. बाई सांगत होत्या, "डब्यातला रंग असायचा साहेब, इनॅमल का काय म्हणायचा तो. खोलीभर वास. मी इकडं भाजीला फोडणी द्यायची आणि तिकडं त्याचं टर्पेंटाइन. गिऱ्हाईक म्हणायचं, मावशी, आज भाजीला रंगाचा वास येतोय." हे सांगताना त्या पहिल्यांदा हसल्या.

मी विचारलं, "तुमचंच विमान आहे हे ओळखायचं कसं? बाजारात अशी पुष्कळ मिळतात."

"डाव्या पंखाखाली, चाकाच्या बाजूला त्याचा अंगठा उमटलाय. रंग वाळायच्या आधीच बघायला उचललं. त्याला दम कुठं होता? अंगठ्यावर पाना लागल्याची खूण होती, आडवी. ती पण उमटलीय. मी म्हटलं, पुन्हा रंगव. करतो म्हणाला. राहून गेलं."

मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "फोटो हायत साहेब. पण फोटोला हात लावला की कागद लागतो."

हे वाक्य माझ्या वर्मी लागलं. माझा बाप सिल्लोडच्या बाजारात कापसाचे बोजे उचलायचा. मी शाळा सांभाळून त्याच बाजारात माप लावायला उभा राहायचो. घासाघीस तिथंच शिकलो आणि पुढं शिपाई म्हणून भरती होऊन खात्याच्या परीक्षा देत फौजदार झालो. कुणाची चिठ्ठी नाही, कुणाचा फोन नाही. पण बापाची एक वस्तू माझ्याकडं नाही. फोटोसुद्धा नाही. त्याचा बोजे उचलायचा लोखंडी आकडा मी बरीच वर्षं शोधला. कुणीतरी भंगारात दिला होता. बापाचा हात कसा होता, हे आता मला नीट आठवतही नाही. त्यामुळं या बाई काय मागत आहेत ते मला लगेच कळलं. पंखाखालचा तो एक अंगठा सोडला, तर त्यांच्या मुलाचा हात आता जगात कुठंच उरला नव्हता.

माझे जेवढे खबरी होते तेवढ्यांना मी सांगून ठेवलं: लाल-पांढरं मोठं विमान. सोन्याचं कुणालाच बोललो नाही. सोनं वितळतं. विमान कुणीतरी मांडून ठेवणार.

बरेच दिवस काही हाती लागलं नाही. बाई दर आठवड्याला ठाण्यात यायच्या, बाकावर बसायच्या आणि काही न विचारता परत जायच्या. येताना शिपायांसाठी पिशवीत भाकरी आणि ठेचा असायचा. शिपाई लाजायचे. मी चिडायचो, कधी तपासावर, कधी शिपायांवर.

मग एका दुपारी माझा जुना खबरी आला. रिक्षा चालवायचा. बाहेर झाडाखाली उभा राहून म्हणाला, "साब, मेरा नाम नक्को लेना. औरंगपुरे में वो खिलौने-शोपीसवाला है ना, उसके पास बड़ा प्लेन है. मैं सवारी छोड़ने गया तब पीछे धूप में सुखा रा था. लाल था साब, उपर से भुरा मार रा था."

"नक्की?"

"हौ साब. फर्दापूर के किसी होटलवाले को देने का बोल रा था. काउंटर पे रखने."

खबऱ्याला कोर्टात उभं करता येत नाही. नुसत्या त्याच्या शब्दावर दुकानात शिरून विमान उचललं असतं, तर दुकानदार म्हणाला असता, माझंच आहे, मीच केलंय. आणि एकदा ते फर्दापूरला गेलं की तिथून पुढं कुठंही गेलं असतं. मी साधे कपडे घातले, खांद्याला पिशवी अडकवली आणि नातवासाठी खेळणं घेणारा माणूस होऊन दुकानात गेलो.

विमान समोरच ठेवलेलं. प्रवासी विमानाला लष्करी राखाडी रंग! खिडक्यांवरूनही ब्रश फिरवलेला. दुकानदार माझ्यापेक्षा लहान, गोड बोलणारा.

"हे केवढ्याला?"

त्यानं किंमत सांगितली. मी मोठ्यानं हसलो.

"काका, हाताचं काम आहे. मी स्वतः केलंय. रंगाचेच किती हात दिलेत."

"रंगाचं काय कौतुक? ऑइलपेंट फासला की झालं."

"ऑइलपेंट!" त्याला ते लागलं. बोलायला आवडणारा दुकानदार आपल्या मालाचा अपमान सहन करत नाही. "हे दाराखिडक्यांचं काम नाही, काका. नातवाला सुटे भाग घेऊन देताय ना? मग रंग नीट निवडा. हे डबीतलं इनॅमल. स्वस्त पडतं, चकाकी झकास, ब्रशच्या रेघा आपोआप बसतात आणि एकदा पक्कं झालं की हलत नाही. पण तेलाचा रंग. पातळ करायला टर्पेंटाइन, ब्रश धुवायला टर्पेंटाइन, आणि एक दिवस तरी हात लावायचा नाही. लावला की बोट उमटलंच."

मी चेहरा हलू दिला नाही. "आणि हे?"

"हे ॲक्रिलिक. पाण्यात कालवायचं, ब्रश पाण्यात धुवायचा, थोड्या वेळात दुसरा हात. पातळ हात द्यायचे, जाड फासलं तर डाग दिसतात. पोराला हेच द्या."

"महाग आहे म्हणून सांगताय."

"नाही हो! मी स्वतः इनॅमलच्या डबीला हात लावत नाही. त्या वासानं माझं डोकं धरतं. हे विमान बघा, सगळं ॲक्रिलिक."

"आणि जुन्या रंगावर मारायचं असेल तर?"

"आधी पाण्याच्या पॉलिशपेपरनं घासायचं, चकाकी मारायची, मग प्रायमर, मग रंग. नाहीतर धरत नाही. पण एवढं करतंय कोण?" तो हसला. "दिसायला चांगलं दिसलं की गिऱ्हाईक खूश."

मी दोन्ही रंगांच्या डब्या घेतल्या. किंमत पाडूनच घेतल्या. सवय जात नाही. विमानासाठी उद्या येतो म्हणालो आणि बाहेर पडताच साध्या कपड्यातला एक शिपाई दुकानासमोर उभा केला.

घरी येऊन जुनी साबणाची प्लास्टिकची डबी घेतली. तिच्या दोन टोकांना इनॅमलचा लाल रंग दिला आणि पंख्याखाली ठेवली. बायको म्हणाली, "रिटायर व्हायला अवकाश हाय अजून. आत्तापासूनच खेळायला लागलात व्हय?" दुसऱ्या दिवशी कामावर न जाता मी त्या डबीपाशी बसून राहिलो. लाल पक्का वाळल्यावर एका टोकाला वरून राखाडी ॲक्रिलिक दिलं, दुसऱ्या टोकाला इनॅमलच. तेही वाळू दिलं. मग औषधाच्या दुकानातलं स्पिरिट कापसाला लावून पहिलं टोक पुसलं. राखाडी रंग कापसावर आला. खालचा लाल जागचा हलला नाही. दुसऱ्या टोकावर स्पिरिट चाललंच नाही, म्हणून थिनर लावलं, तर वरचा आणि खालचा दोन्ही रंग एकदम चिखल होऊन हातात आले.

म्हणजे दुकानदारानं वरून ॲक्रिलिक मारलं असेल, तर अंगठा वाचलेला होता. इनॅमल मारलं असेल, तर तो काढायला जाणं म्हणजेच पुसणं. मध्ये काही नव्हतं.

शिपाई पाठवून विमान ताब्यात घेतलं, दुकानदाराला ठाण्यात आणलं. माझे त्या वेळचे वरिष्ठ थेट भरतीतून आलेले, सुस्वभावी, कडक इस्त्रीच्या वर्दीतले. त्यांचं म्हणणं पडलं की विमान प्रयोगशाळेकडं पाठवा. नियमानं ते बरोबर होतं, हे मी आजही मान्य करतो. पण तिथं नमुना म्हणून रंग खरवडतात, आणि अंगठा नेमका कुठं आहे हे रंगाखाली कुणाला दिसणार? चाकाच्या बाजूला म्हणजे बोटभर इकडं की तिकडं? मी आवाज चढवला. ते म्हणाले, तुमच्या जबाबदारीवर करा आणि तसं लिहून द्या. मी उभ्या उभ्या लिहून दिलं.

बाईंना बोलावून मी सगळं समजावलं. साबणाची डबी दाखवली. "चुकलो तर तो अंगठा जाईल. मी परत आणू शकणार नाही."

त्यांनी डबीवरचा लाल रंग नखानं चाचपला. "त्या माणसाच्या रंगाखाली तो हाय का नाय, हेच जर कळणार नसंल तर मला असलेला काय आणि गेलेला काय? करा तुम्ही."

पंच बोलावले. दुकानदाराला समोर बसवलं. मला ओळखल्यावर आधी त्याचा चेहरा उतरला, पण लगेच तो सावरला.

"हे माझं आहे. कोऱ्या प्लास्टिकवर मी रंग दिलाय. आणि साहेब, हे इनॅमल आहे. थिनर लावाल तर प्लास्टिक विरघळेल. नुकसान भरून मागेन मी."

"परवा ॲक्रिलिक होतं."

"परवा तुम्ही गिऱ्हाईक होता. धंद्यात माणूस काहीही बोलतो."

वरिष्ठांनी माझ्याकडं पाहिलं. हाच तो क्षण होता. आता हा खरं बोलतोय की परवा बोलला ते खरं? मला माझा बाजार आठवला. दुकानदार भावात खोटं बोलतो, मालाच्या कुळात खोटं बोलतो. पण वासानं डोकं धरतं, हे कुणी माल खपवायला सांगत नाही. दुकानात तोच वासाचा रंग विकायला ठेवलेला असताना तर नाहीच. तरी खात्री हवी होती. मी मारहाणीचा माणूस नव्हतो, घासाघिशीचा होतो.

"ठीक आहे," मी म्हणालो. "तुम्ही पहिल्यांदा सांगितलेली किंमत. मी एक पैसा पाडत नाही. या पंचांसमोर पुसतो. खाली कोरं प्लास्टिक निघालं तर त्या किमतीत विमान मी घेतलं, आणि वर हात जोडून माफी. बोला, झाला सौदा?"

त्यानं पंचांकडं पाहिलं.

"परवा तर विकायला बसला होता."

"मला... मला विकायचं नाही ते."

"पूर्ण भावात?"

त्यानं पाणी मागितलं. कापसाच्या बाजारात मी एक पाहिलं होतं: ज्याचा माल स्वतःचा, तो पूर्ण भाव मिळाल्यावर कधी मागं सरकत नाही. मी स्पिरिटची बाटली उघडली.

पंख उलटा केला. कापूस चाकाच्या बाजूला ठेवला आणि अगदी हलकेच गोल फिरवला. पहिल्यांदा काहीच झालं नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसरा कापूस राखाडी झाला. मग राखाडी रंग सालीसारखा सुटायला लागला. खालची चकाकी त्यानं घासलीच नव्हती, त्यामुळं तो धरलाच नव्हता. खालून लाल वर आला. आणि त्या लालात, जरा तिरका, अंगठा. रेघ न् रेघ. मधून आडवी खूण गेलेली.

पंच पुढं वाकले. दुकानदारानं मान खाली घातली. त्यानं घरफोड्याचं नाव सांगितलं, त्याच्यामुळं पुढं बाईंचं थोडं सोनंही मिळालं. पण त्या वेळी माझं तिकडं लक्ष नव्हतं. मी बाहेर बाकावर बसलेल्या बाईंना आत घेतलं.

त्यांनी विमान हातात घेतलं नाही. खाली बसल्या, पंखाच्या पातळीला डोळे आणले आणि बराच वेळ बघत राहिल्या. मग आपला अंगठा त्याच्यावर धरला, टेकवला नाही.

"लई मोठा होता हो त्याचा," त्या म्हणाल्या. "माझा आत मावतोय."

वरिष्ठांनी पत्रकारांना बोलावलं तेव्हा विमान टेबलावर होतं, वरिष्ठ त्याच्यामागं आणि मी दाराशी. त्या वर्षीच्या समारंभात प्रशस्तिपत्रक त्यांना मिळालं: वैज्ञानिक पद्धतीनं केलेल्या तपासाबद्दल. मी फौजदार म्हणूनच निवृत्त झालो. साबणाची डबी घरात कुठंतरी असेल. वाईट वाटतं का, असं कुणी विचारलं तर हो, वाटतं. अजूनही वाटतं. ज्यांनी घासाघीस करून आयुष्य मिळवलं, त्यांना फुकट गेलेला माल विसरता येत नाही.

पण बाईंचं याहून वाईट झालं. विमान मुद्देमाल होतं. कोर्टानं ते त्यांना सुपूर्दनाम्यावर परत दिलं, म्हणजे खटला संपेपर्यंत सांभाळायला, आणि अट घातली की त्याचं स्वरूप बदलायचं नाही. म्हणजे रंग पुसायचा नाही. मुलाचं विमान घरी आलं ते परक्या माणसाच्या राखाडी रंगात. पंखाखाली तेवढी एक लाल चकती उघडी. खिडक्या बंद, शेपटी बंद. पूर्वीसारखं ते मांडून ठेवता येईना, तर बाईंनी ते उलटं ठेवलं, पोट वर करून, अंगठा दिसावा म्हणून.

खटला लांबत गेला. तारखा पडायच्या. बाई प्रत्येक तारखेला विमान कापडात गुंडाळून आणायच्या, पुन्हा नेऊन ठेवायच्या. कुठं भेटल्या की एकच विचारायच्या, "साहेब, कधी पुसायचं हो?" मी सांगायचो, निकाल लागला की. कधी ते माझ्याच्यानं सांगवायचं नाही, मग मी वकिलांवर ओरडायचो.

निकाल लागला, अपिलाची मुदत गेली, सुपूर्दनामा रद्द झाला, तेव्हा मी निवृत्त झालेलो होतो. बाईंचा फोन आला. मी स्पिरिट आणि कापसाचं बंडल घेऊन बजाजनगरला गेलो. खाणावळ त्यांनी बंद केली होती. विमान चटईवर वर्तमानपत्र पसरून ठेवलेलं. मी बाही वर केली.

"मी करते," त्या म्हणाल्या.

त्यांनी पुढची एक खिडकी पुसली. नखाएवढी. राखाडी गेला, पांढरा आला, पांढऱ्यात मुलानं बारीक ब्रशानं काढलेली निळी चौकट. त्यांनी ती पाहिली, बाटलीला बूच लावलं आणि कापूस बाजूला ठेवला.

"आज एवढंच."

मला राहवलं नाही. "अहो, द्या इकडं. तासाभरात सगळं मोकळं करून देतो. इतकी वर्षं थांबलात ना?"

"घाई नका करू, साहेब. त्यानं रोज थोडं थोडंच केलं होतं. मी जेवण वाढून बसायची आणि तो म्हणायचा, एवढी एक खिडकी होऊ दे." त्या बाटलीकडं बघत राहिल्या. "सगळं एकदम मोकळं झालं तर मग उद्या काय करू?"

पोलिसांच्या भाषेत माल परत गेला की गुन्ह्यातलं आपलं काम संपतं. मीही तसंच समजत होतो. जिचा माल गेला तिचं काम तिथूनच सुरू होतं, हे मला त्या चटईवर बसून कळलं, आणि तेही वर्दी उतरल्यावर. गेलेला माणूस परत देता येत नाही. त्याच्या हाताखाली बसून करायचं थोडं काम मात्र कधीकधी परत देता येतं.

आता मी अधूनमधून जातो. चहा होतो. सगळ्या खिडक्या कधीच्या उघडल्या आहेत, शेपटी लाल झाली आहे. उजव्या पंखाचा टोकाकडचा तुकडा तेवढा राखाडी आहे, आणि तो गेले कित्येक महिने तेवढाच आहे. कापूस जवळ असतो, बाटली भरलेली असते. मी ते पाहतो, चहा पितो आणि बाटलीला हात लावत नाही.